उसनं अस्तर

सराव रंगात आला होता. बचावाच्या मुली हात धरून मागं सरकल्या होत्या आणि चढाई करणारी मुलगी डाव्या कोपऱ्याकडे झेपावली होती. कोपऱ्यातलीची चूक दाखवायची म्हणून वैजयंतानं शिट्टी तोंडाला लावली आणि फुंकर मारली. शिट्टी वाजली नाही. नुसती फुसकी हवा सुटली.

"मॅडम, शिट्टी गेली वाटतं!" मुली हसल्या.

वैजयंताही हसली आणि टाळी वाजवून तिनं खेळ थांबवला. पण शिट्टी नवी होती, आणि ते तिला ठाऊक होतं.

वैजयंता सूर्यवंशी चौपन्न वर्षांची होती. तासगावात मुलींना कबड्डी शिकवण्यात तिची निम्मी हयात गेली होती. खेळ आता पुष्कळ बदलला होता. स्पर्श झाला की नाही हे मॅटच सांगायची, आणि चढाईत आवाज तुटला तर गळ्यातला इवलासा माइक पंचांना लगेच कळवायचा. तरी वैजयंता मुलींना रोज सांगायची, "यंत्रं चुका पकडतात. दम तुमचा तुम्हालाच राखायचाय." तिच्या तरुणपणी तिचा दम सांगली जिल्ह्यात गाजलेला होता. अकरा वर्षांपूर्वी डाव्या स्तनात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, किमो झाली, किरणांचे उपचार झाले. त्यातूनही ती मैदानावर परतली होती. पहिली काही वर्षं प्रत्येक तपासणीच्या आदल्या रात्री ती जागी राहायची. मग हळूहळू ती ते विसरली.

घर दुमजली होतं. वर वैजयंता आणि तिचा नवरा सयाजी राहायचे. सयाजीचा द्राक्षबागांवर ड्रोननं फवारणी करायचा धंदा होता. खाली थोरली जाऊ शालन एकटीच राहायची. तिचा नवरा वारला होता आणि एकुलती एक मुलगी चंद्रलेखा रोहतकला होती. दोघी जावांमध्ये भांडण असं नव्हतं. बोलणंच फारसं नव्हतं. त्याचं कारण चंद्रलेखाच होती. वैजयंताला मूलबाळ नाही. पुतणीला तिनं लहानपणी मैदानावर नेलं, खेळ शिकवला, आणि पोरगी थेट रेल्वेच्या संघात जाऊन पोहोचली. तिथंच हरियाणाच्या एका खेळाडूशी तिचं लग्न ठरलं. शालननं लग्नात सगळं हौसेनं केलं, पण पाठवणी झाल्यावर एवढंच म्हणाली, "माझी पोर मास्तरणीनं नेली." त्यानंतर रोहतकहून फोन आधी वरच्या मजल्यावर यायचा आणि मग खालच्या. शालनला ते ऐकू यायचं.

त्या संध्याकाळी वैजयंता जिना चढताना मध्येच थांबली. खाली दारात शालन बसली होती, बोटावर तंबाखूची मिश्री घेऊन दात घासत.

"तू हल्ली जिन्यात थांबतीस," शालन म्हणाली.

"गुडघा दुखतोय, अक्का."

"गुडघा दुखणारं माणूस कठडा धरतं. तू छाती धरतीस."

वैजयंता वर गेली. पण जेवताना तिनं सयाजीला सगळं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मिरजेला गेली.

*

मिरजेच्या रुग्णालयात डॉ. शगुफ्ता मुजावर फुप्फुसांच्या विकारांचं काम पाहायच्या. त्यांनी वैजयंताच्या पाठीवर तळहाताएवढी एक मऊ पट्टी चिकटवली आणि समोरच्या पडद्यावर तिची छाती आतून दिसू लागली. डावं फुप्फुस अर्धं दबलेलं होतं. खाली पाणी साठलं होतं. त्यांनी सुईनं ते काढलं, तेव्हा दुधाची छोटी किटली भरेल एवढं निघालं. वैजयंतानं कितीतरी दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

अहवाल आल्यावर डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं.

"जुनाच आजार आहे," त्या म्हणाल्या. "पण आता तो फुप्फुसाच्या आवरणावर आलाय. समजावून सांगू का?"

"सांगा. सगळं सांगा."

"फुप्फुसाला दोन पातळ आवरणं असतात. एक फुप्फुसाला चिकटलेलं, दुसरं बरगड्यांना आतून. दोन्हींच्या मध्ये चमचा-दोन चमचे ओलावा असतो, बस. त्या ओलाव्यावर फुप्फुस जन्मभर घसरत राहतं, म्हणून श्वास घेताना आपल्याला कसलंच घर्षण जाणवत नाही. या दोन्ही आवरणांना पेशींचं अस्तर असतं. एकाच थराचं. एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या पेशी."

त्यांनी पडद्यावर एक चित्रण लावलं. फरशीसारख्या चपट्या पेशी आणि त्यांच्यावरून तरंगत जाणारा एक गोल झुपका.

"तुमच्या गाठीतल्या काही पेशी तेव्हाच रक्तातून निसटल्या असणार. इतकी वर्षं कुठंतरी निपचित पडून होत्या. त्यांतल्या काही फुप्फुसाच्या कडेपर्यंत आल्या आणि आवरणातून या ओलाव्यात उतरल्या. तिथं त्या अशा झुपक्यांनी तरंगतात. पण नुसतं तरंगून त्यांचं भागत नाही, त्यांना रुजायला जागा लागते. आणि अस्तर सलग असेल तर जागा मिळत नाही. म्हणून त्या एक रासायनिक निरोप सोडतात. बघा आता."

पडद्यावर झुपक्याखालच्या पेशी हळूहळू आक्रसल्या. एकमेकींपासून सुटल्या. मध्ये उघडी जागा पडली आणि झुपका तिच्यात जाऊन बसला.

"साखळी तुटली," वैजयंता पुटपुटली.

"काय म्हणालात?"

"आमच्या खेळात बचावाच्या मुली हात धरून उभ्या असतात. समोरची त्यांना हात सोडायला लावते. हात सुटले की मधून जाते."

डॉक्टरांनी पुन्हा पडद्याकडे बघितलं. "हो. तसंच आहे हे. पुढचं सांगते. बाहेरच्या आवरणाला बारीक छिद्रं असतात, मोरीच्या जाळीसारखी. जादा पाणी त्यातून वाहून जातं. हे झुपके ती जाळी तुंबवतात. शिवाय आसपासच्या रक्तवाहिन्या पाझरायला लागतात. म्हणून पाणी साठतं आणि काढलं तरी पुन्हा साठतं."

मग उपायांचं बोलणं झालं. गोळ्या होत्याच, त्या आजाराला आवर घालणार होत्या. पाण्यासाठी एक जुना, खात्रीचा इलाज होता. दोन आवरणांच्या मध्ये एक प्रकारची पूड सोडायची आणि दोन्ही आवरणं एकमेकींना कायमची चिकटवून टाकायची. जागाच उरली नाही की पाणी साठणार कुठं? धाप कमी होते, पण फुप्फुस पहिल्यासारखं घसरत नाही.

"आणि दुसरा?" वैजयंतानं विचारलं, कारण डॉक्टर बोलता बोलता थांबल्या होत्या.

"दुसरा नवा आहे. त्याला आम्ही अस्तर-रोपण म्हणतो. निरोगी माणसाच्या पोटात, आतड्यांवर चरबीचा एक पदर असतो. त्याच्यावरही याच जातीचं अस्तर असतं. त्याचा छोटा तुकडा घेऊन पेशी वाढवायच्या. त्यांच्यात एक बदल करायचा, म्हणजे कर्कपेशींचा निरोप त्यांना ऐकूच येत नाही. मग दुर्बिणीतून त्या तुमच्या आवरणावर फवारायच्या. त्या उघड्या जागा झाकतात आणि हात सोडत नाहीत."

"माझ्याच पोटातल्या का नाही चालत?"

"किमो झालेल्या शरीरातल्या पेशी नीट वाढत नाहीत. तुमच्या वाढवून बघू, पण मला आशा नाही. दुसऱ्याच्या लागतील, जुळणाऱ्या. आणि एक अडचण आहे." डॉक्टरांनी पडदा बंद केला. "परक्या छातीत रुळायला त्या पेशींना दोनेक वर्षं लागतात. तोवर दर तीन महिन्यांनी त्यांना मूळ माणसाच्या ताज्या रक्तातला द्रव द्यावा लागतो. त्यातल्या कशावर त्या जगतात ते अजून कोणालाच नीट कळलेलं नाही. गोठवलेला चालत नाही, कृत्रिम करता येत नाही. त्यामुळे दाता जवळचा हवा, आणि दोन वर्षं टिकणारा हवा. दहांतल्या सहा-सात जणांचं साधतं. सगळ्यांचं नाही."

"पूडच बरी," सयाजी लगेच म्हणाला. "खात्रीचं आहे ते."

वैजयंता गाडीत बसली. मग म्हणाली, "पूड कधीही टाकता येईल. हे आधी बघू."

"आणि नाही साधलं तर?"

"तर पूड. सयाजी, मला नुसतं जगायचं नाहीये. मला मैदानावर ओरडायचंय."

*

तिच्या स्वतःच्या पेशी वाढल्या नाहीत. मग जुळणी बघायला रुग्णालयाची एक परिचारिका घरी आली. कायदा असा होता की दात्याला रुग्णानं विचारायचं नाही आणि घरच्यांनी गळ घालायची नाही. ज्याचं जुळेल त्यालाच रुग्णालय एकट्याला कळवणार. तो हो म्हणाला तर ठीक, गप्प राहिला तर कुणाला काही कळणार नाही. सयाजी, वैजयंताचा कराडचा भाऊ, भावजय, मैदानावरच्या दोन-तीन मुलींच्या आया, सगळ्यांनी गालाच्या आतून कापूस फिरवून दिला. चंद्रलेखानं फोनवरून हट्ट धरला, पण दाता जवळचा हवा होता आणि ती रोहतकला होती, म्हणून ते चालणार नव्हतं.

परिचारिका जिना उतरत होती तेव्हा शालन दारातच होती.

"पोटातली चरबी हवीय म्हणं तुमास्नी?"

"थोडीशी, मावशी."

"मग आधी खाली यायचं सोडून वर कशाला गेलीस? माझ्याही गालात फिरव की."

सगळे हसले. वैजयंताही वरून हसली. शालनचं शरीर चांगलंच भरलेलं होतं आणि तिला स्वतःवर केलेला विनोद चालायचा, दुसऱ्यानं केलेला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी रुग्णालयातून फोन आला. दाता मिळाला आहे, नाव सांगायचं नाही अशी त्याची इच्छा आहे, तयारीला दोन महिने लागतील. सयाजीनं पेढे आणले. वैजयंताच्या मनात एकेक चेहरा येऊन गेला. भाऊ असेल. की भावजय? की त्या आयांपैकी कुणी? ज्यांना ज्यांना भेटायची, त्यांच्याकडे ती जरा जास्तच आपुलकीनं बघायला लागली, आणि ते बिचारे अवघडून जायचे.

ते दोन महिने वाईट गेले. पाणी पुन्हा साठलं, पुन्हा काढावं लागलं. रात्री उताणं झोपता येईना. आणि त्यात खालच्या मजल्यावर शालनचं काहीतरी बिनसलं होतं. भांडी आपटायची, दूधवाल्यावर खेकसायची, भाजीवालीशी तिनं कोथिंबिरीवरून असं भांडण काढलं की गल्ली गोळा झाली. चंद्रलेखाचाही फोन आला.

"काकी, आईला काय झालंय? काही बोललं की वसकन अंगावर येते."

"मला काय माहीत, बाळा? माझ्याशी कुठं बोलतात?"

*

ऑपरेशनच्या सकाळी वैजयंता हिरवा झगा घालून आपल्या खाटेवर बसली होती. पडद्यापलीकडून अचानक ओळखीचा आवाज आला.

"चमकी निघायची न्हाई. तीस वर्षांत काढली न्हाई ती. तू कोण आलीस काढणारी?"

"मावशी, आत धातू चालत नाही."

"मग नाक आत नेऊ नका!"

वैजयंता खाटेवरून उतरली. तिनं पडदा बाजूला केला. समोर तसाच हिरवा झगा घालून, केसांवर कागदी टोपी चढवून शालन बसली होती. परिचारिका घाबरली, कारण नाव गुप्त ठेवायचं होतं.

"अक्का, तुम्ही?"

"आता आलीयास तर हिला सांग, चमकी न्हाई काढणार."

"अक्का, तुम्ही का..."

"का म्हंजे? रात्रभर वर खोकत बसतीस. तुझ्या खोकल्यानं मला झोप न्हाई. म्हातारपणी माणसानं झोपायचं का न्हाई?"

वैजयंता तिच्या शेजारी टेकली. तिचं लक्ष शालनच्या दातांकडे गेलं. जन्मभर मिश्रीनं काळे पडलेले दात स्वच्छ केलेले होते. डॉक्टरांनी कारण नंतर सांगितलं, पण मिश्री सुटलीय हे तिला तेव्हाच कळलं. तंबाखू पोटात जाणाऱ्या माणसाच्या पेशी घेता येत नाहीत. ती पूर्ण सुटल्याशिवाय तुकडा घेत नाहीत. कळायला लागल्यापासूनची मिश्री शालननं दोन महिन्यांपूर्वी बंद केली होती, कुणाला न सांगता. भांडी त्यापायी आपटली जात होती.

"रडू नकोस," शालन म्हणाली. "धाप लागंल. आणि हे बघ, आभारबिभार मानशील तर खबरदार. मी हितनं उठून जाईन."

चमकी शेवटी वैजयंतानं काढली. फिरकी घट्ट बसली होती. तेलाचं बोट लावून ती हलक्या हातानं फिरवत राहिली आणि शालन डोळे मिटून, मान वर करून, मुकाट बसली.

*

त्या दिवशी वैजयंताच्या छातीत एक बारीक नळी बसवली आणि शालनच्या पोटातला बोटभर तुकडा घेतला. प्रयोगशाळेत पेशी वाढायला महिना लागला. मग दुर्बिणीतून त्या वैजयंताच्या छातीत फवारल्या गेल्या. त्यानंतरच्या तपासणीत पडद्यावर पाणी दिसलं नाही. पुढच्या वेळीही नाही. डॉक्टरांनी बजावलं, "आजार गेलाय असं मी म्हणणार नाही. त्या पेशी आहेत. पण त्यांना बसायला जागा मिळत नाहीये. गोळ्या चालू ठेवा, आणि शालनताईंना जपा."

एका संध्याकाळी वैजयंता मॅटवर उतरली. मुली बाजूला उभ्या राहिल्या. तिनं श्वास भरला आणि "कबड्डी, कबड्डी" म्हणत मध्यरेषेपर्यंत गेली, वळली, परत आली. आवाज तुटला नाही. एवढंसंच अंतर होतं, पण मुलींनी टाळ्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. वैजयंतानं मात्र पुन्हा एक लांब श्वास घेऊन बघितला. आतमध्ये फुप्फुस घसरत होतं आणि ते ज्यावरून घसरत होतं ते अक्कांचं होतं. आता प्रत्येक श्वास तसाच असणार होता, झोपेतसुद्धा.

आभार मानायची बंदी होती, आणि चंद्रलेखाला काही सांगायचीही. तिनं इरकल साडी आणली, तर शालननं रंग बरा नाही म्हणून परत धाडली. तिनं जेवायला बोलावलं, तर शालन आमटीत मीठ कमी आहे म्हणाली आणि दोनदा वाढून घेऊन जेवली. दर तीन महिन्यांनी मात्र दोघी एकत्र मिरजेला जायच्या. शालन एका खोलीत रक्त द्यायची, त्यातला द्रव वेगळा काढून तासाभरात दुसऱ्या खोलीत वैजयंताच्या छातीतल्या बारीक नळीतून सोडला जायचा. परतताना शालन खिडकीशी बसायची आणि सबंध वाटेवर कोणाची बाग कशी आली आहे ते सांगत राहायची.

मग रोहतकहून चंद्रलेखाचा फोन आला, आणि या खेपेला तो आधी खालच्या मजल्यावर गेला.

ते वैजयंताला दोन दिवसांनी कळलं, तेही चंद्रलेखाकडूनच. तिला सहावा महिना होता आणि रक्तदाब वाढला होता. डॉक्टरांनी बाळंत होईपर्यंत पडून राहायला सांगितलं होतं. सासू नव्हती, नवरा संघाबरोबर दौऱ्यावर. "मी आईला म्हटलं, ये. पहिल्यांदाच म्हटलं, काकी. तर ती म्हणाली, जमायचं न्हाई, बाई लाव. कारण सांगेना. मला वाटलं, अजून रागच आहे तिचा."

वैजयंता खाली गेली. शालन गहू निवडत होती.

"अक्का, चंद्राकडे का जात नाही तुम्ही?"

"पुढल्या महिन्यात रक्त द्यायचंय. त्याच्या पुढंही हाय. तिकडं जाऊन बसले, आणि पडलेल्या पोरीला टाकून मधनं येता आलं न्हाई, तर तुझं कोण करणार?"

"माझं राहू द्या. पोरगी अडचणीत आहे."

"राहू दे काय? डाक्टरीण म्हणाली न्हाई का, एक खेप चुकली तर सगळं उकलतंय म्हणून?"

"तुम्ही इतकी वर्षं तिच्या हाकेची वाट बघितली."

शालनचा हात सुपातच थांबला. "व्हय, बघितली," ती म्हणाली. "आणि आली तवा ही आली. मी काय करू? पोटची तिकडं आणि पोटातलं तुझ्यात. दोघींकडं एकदम कशी जाऊ, सांग मला."

वैजयंता वर आली आणि तिनं डॉ. मुजावरांना फोन लावला. हे उपचार आणखी कुठं होतात, एवढंच विचारलं. दिल्लीत होतात, डॉक्टर म्हणाल्या. रोहतकपासून दिल्ली गाडीनं तासाभरावर होती.

राज्य स्पर्धेची बाद फेरी तोंडावर होती. तासगावच्या मुली पहिल्यांदाच तिथवर पोहोचल्या होत्या. वैजयंतानं सहायक प्रशिक्षिकेला बोलावून मुलींसमोर शिट्टी तिच्या हातात दिली. मुली रुसल्या, एक-दोघी रडल्या. "तुम्ही आमच्यासोबत पाहिजे होतात, मॅडम," त्यांची कर्णधार म्हणाली. वैजयंतालाही मुलींसोबतच राहायचं होतं.

संध्याकाळी ती पुन्हा खाली गेली.

"अक्का, कपडे भरा. थंडी असते तिकडं, स्वेटर घ्या. मी पण येतेय."

शालननं तिच्याकडे नीट बघून घेतलं. मग उठली आणि म्हणाली, "ज्वारीचं पीठ घ्यायला पायजे. तिकडं मिळतंय का न्हाई कुणास ठाऊक."

*

रोहतकला चंद्रलेखाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तिघी साडेतीन महिने राहिल्या. चंद्रलेखा पलंगावर, शालन स्वयंपाकघरात, आणि वैजयंता वरची सगळी कामं बघायला, कारण तिला हिंदी बरी यायची. शालन शेजारणींशी मराठीतच बोलायची आणि त्या हरियाणवीत उत्तर द्यायच्या. कुणाचं काही अडलं नाही. भाकरी बघायला त्या येऊन बसायच्या. चंद्रलेखाचा फोन आता कुठल्या मजल्यावर आधी जातो हा प्रश्नच नव्हता. दोघीही उशाशीच असायच्या.

राज्य स्पर्धेची अंतिम फेरी तिघींनी मोबाइलवर बघितली. तासगाव एका गुणानं हरलं. शेवटच्या चढाईत कोपऱ्यातली मुलगी घाईत पुढं गेली. ती घाई वैजयंतानं बाहेरून ओरडून थांबवली असती. ती उठून गॅलरीत गेली आणि बराच वेळ आली नाही. शालन चहा घेऊन तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"माझ्यामुळं झालं का हे?"

"नाही अक्का. मी निवडलं होतं."

दिल्लीला रक्त द्यायला दोघी रेल्वेगाडीनं गेल्या. बाहेर मोहरीची पिवळी शेतं होती आणि धुकं उतरत होतं. शालन खिडकीबाहेर बघत म्हणाली, "इथल्या बागांचं मला काय कळत न्हाई, न्हाई तर सांगितलं असतं." मग जरा वेळानं, तशीच बाहेर बघत, ती म्हणाली, "लई वर्षं मला वाटायचं, माझं एकच हुतं, ते तू नेलंस."

"माहीत आहे मला."

"आता तर आणिक नेलंस." आणि ती अशी खदखदून हसली की समोरच्या बाकावरचा माणूस दचकला. वैजयंताही हसली. हसताना धाप लागली नाही, हे दोघींच्याही एकदमच लक्षात आलं.

चंद्रलेखाला दिवस भरायच्या थोडं आधीच मुलगी झाली. बारकी होती, पण पहिलं रडणं एवढं लांबलं की बाहेर उभ्या असलेल्या वैजयंताच्या तोंडून आपोआप निघालं, "दम आहे पोरीत!" परिचारिकेनं बाळ आणलं तेव्हा शालननं ते घेतलं, छातीशी धरलं, तीट लावावी तसं कपाळाला बोट लावलं. मग कुणी काही म्हणायच्या आत तिनं ते वैजयंताच्या हातात दिलं.

"धर. मी डोळं पुसते."

*

दोन वर्षं पुरी झाली तेव्हा दोघी मिरजेला डॉ. मुजावरांच्या समोर बसल्या होत्या. सयाजी गाडी लावायला गेला होता. डॉक्टरांनी पडद्यावर एक चित्र लावलं. त्यात हिरव्या रंगाच्या पेशी होत्या आणि निळ्या रंगाच्या.

"हिरव्या शालनताईंच्या. निळ्या वैजयंताबाईंच्या स्वतःच्या. आणि ही गंमत बघा. काही ठिकाणी निळ्या पेशींनीही आता हात सोडणं बंद केलंय. शेजारच्या हिरव्यांकडून त्या काहीतरी शिकल्यात. काय ते आम्ही शोधतोय. पण एवढं नक्की, आता बाहेरून काही द्यायला नको."

"म्हंजे मी सुटले?" शालननं विचारलं.

"सुटलात."

शालननं पदरानं तोंड पुसलं. चंद्रलेखाचा हट्ट चालला होता, की आईनं आता तिच्याकडेच येऊन राहावं. नात चालायला लागली होती. जायचं जवळजवळ ठरल्यासारखंच होतं.

डॉक्टर मात्र अजून काहीतरी बोलायचं म्हणून बसल्या होत्या. हे एकटीलाच विचारायचं असतं म्हणून त्यांनी वैजयंताला बाहेर थांबायला सांगितलं, पण शालननं तिला उठू दिलं नाही. "शालनताई, एक विचारायचंय. नाही म्हणालात तरी चालेल, खरंच चालेल. लातूरकडच्या एक बाई आहेत. त्यांना हाच त्रास आहे. जुळणारं कुणी मिळत नाहीये. तुमच्या पेशी त्यांना जुळतात. तेव्हाच्या थोड्या आम्ही गोठवून ठेवल्यात, त्यामुळे पोटाला हात लावायला नको. पण रक्त..."

"द्यावं लागंल."

"हो. पुन्हा दोन वर्षं. त्यांना इथं आणून ठेवू, पण तुम्हाला इथंच राहावं लागेल."

"अक्का," वैजयंता घाईनं म्हणाली, "तुम्ही चंद्राकडे जा आता. पुष्कळ केलंत. दुसरं कुणीतरी मिळेल त्यांना."

"तू गप. तुला कुणी इचारलंय का?" शालन डॉक्टरांकडे वळली. "तिला घरात कोण हाय?"

"नवरा आहे. दोन लहान मुली आहेत."

शालन हाताची घडी घालून बसून राहिली. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागं घेत होतं. बहुतेक सयाजीच असावा. वैजयंता तिच्याकडे बघत होती. हे सगळं आपल्यासाठी झालं तेव्हा अक्कांनी ते कसं ठरवलं असेल, ते तिला आज पहिल्यांदा दिसत होतं.

"सणावाराला नातीकडं जाऊन आले तर चालंल का?" शालननं विचारलं.

"चालेल. मधल्या दिवसांत कितीही वेळा जा."

"मग कधी यायचं तेवढं सांगा."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर दोघी जराशा थांबल्या. शालन पदर सारखा करत होती.

"मी येणार तुमच्याबरोबर," वैजयंता म्हणाली. "दर वेळी."

"तुझं काय काम हितं आता? तुला कुठं काय टोचायचंय?"

"काही काम नाही. बाहेर बाकावर बसेन."

शालननं तिच्याकडे बघितलं.

"बस मग," ती म्हणाली. "पण डबा तू करायचास. आणि मीठ नीट घाल."